अयोध्येचं पेव

दादामियाँनं बोकडाच्या पाठीवरनं हात फिरवला, मागच्या मांडीला चिमटा घेऊन बघितला आणि त्याला पुन्हा खाली सोडून दिलं.

"हरणाबाई, हे आजून दूध पितंय. येडाईच्या जत्रंपातूर ठेव की. दोन म्हैनं बी न्हाईत मधी. जत्रंत याचंच दुप्पट येतील. म्या सोता देतो."

"मला न्हाई ठिवायचं."

"पालाच तर खातंय बिचारं. का असं आडल्यागत करतीस?"

"घ्याचं हाय का न्हाई, तेवढं सांगा चाचा. न्हाईतर दुसरा कुणी घेईल."

दादामियाँ येरमाळ्याचा. शेळ्याबकऱ्यांचा धंदा करून दाढी पिकलेली. त्यानं सुस्कारा सोडला, कमरेची पिशवी सैल केली आणि रुपये हरणाबाईच्या हातावर ठेवले. तिनं ते पदराच्या टोकाला बांधले. गाठ दोनदा मारली, ओढून बघितली, तेव्हा कुठं तिचा श्वास खाली बसला. दावणीची शेळी पिल्लासाठी ओरडायला लागली.

जाता जाता दादामियाँनं आंगणातल्या तुराट्यांच्या कुडावरनं पलीकडं मान वर केली.

"अयोध्याबाई, तुमची किती झाली गं?"

"नऊ झाली चाचा," पलीकडनं आवाज आला. "चार गाभण हायत. बोकडं जत्रंला घ्या. पाटी मात्र फुडं शेळ्या व्हतील, त्यातली एक बी द्याची न्हाई."

"शाब्बास! ह्येला म्हणायचं शेळ्या पाळणं."

हरणाबाईनं दाव्याला असा हिसका दिला की शेळी गुडघ्यावर आली.

कुडाच्या अलीकडं दोन शेळ्या, पलीकडं नऊ. अडीच वर्षांपूर्वी दोघींकडं दोन दोनच होत्या. सासऱ्यानं मरायच्या आधी वाटण्या करून दिल्या होत्या. रान निम्मंनिम्म, बैल एकेक, शेळ्या दोन दोन, घराच्या मधोमध कूड. हरणाबाईचा बलभीम थोरला, अयोध्येचा आण्णासाहेब धाकटा. म्हाताऱ्यानं तसूभर इकडं तिकडं केलं नव्हतं. वाटणीत खोट नव्हती, हेच हरणाबाईला टोचायचं. खोट असती तर बोट दाखवायला जागा तरी राहिली असती.

आणि अयोध्या नुसती जाऊ असती तरी चाललं असतं. ती पाठची बहीण होती.

हरणाबाई सात वर्षांची आणि अयोध्या तीन वर्षांची असताना माहेरी तामलवाडीला पाठोपाठ दोन सालं पाऊस पडला नाही. बेंबळीची मावशी छकडा घेऊन आली. तिला मूलबाळ नव्हतं. "दोघींतली एक दे," ती आईला म्हणाली. आईनं दोघींकडं बघितलं. हरणा शेण गोळा करायची, तणकट उपटायची, चूल पेटवायची. अयोध्या नुसती खायची. आईनं अयोध्येला उचलून छकड्यात ठेवलं. ओढ्यापर्यंत हरणा छकड्यामागं पळाली. बहिणीसाठी पळाली की छकड्यात बसायला मिळावं म्हणून, ते तिला अजूनही सांगता आलं नसतं.

पुढं बेंबळीच्या गोष्टी कानावर यायच्या. मावशीच्या घरी ज्वारी साठवायला जमिनीत खणलेली तीन पेवं आहेत. दोन भरल्याशिवाय तिसऱ्याला हात लावत नाहीत. अयोध्येला दुधात कुस्करून भाकरी घालतात. इकडं तामलवाडीला सकाळी असलेलं संध्याकाळी असेलच याचा नेम नव्हता. हरणानं शेळीची एक पाट वाढवली होती. बाभळीच्या शेंगा वेचून, बांधाबांधानं हिरवा पाला काढून, वर्षभर पोटच्या पोरागत. पहिल्यांदा गाभण राहिली त्याच आठवड्यात बापानं ती विकली. हरणा रानातनं आली तर दावं मोकळं. "तुला बांगड्या भरीन," बाप म्हणाला. बांगड्या आल्या नाहीत. तेव्हा तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. जे राहतं ते जातं. कुणी नेईल त्याआधी आपणच मोकळं व्हावं, म्हणजे हातात काहीतरी येतं.

लग्न दोघींचं एकाच मांडवात झालं. एकाच घरातल्या दोन भावांना सख्ख्या बहिणी मिळत होत्या आणि एका खर्चात दोन कार्यं उरकत होती. बारा वर्षांनी हरणानं बहिणीला बघितलं ते बोहल्यावर. अयोध्येच्या गळ्यात मावशीनं घातलेली बोरमाळ होती. हरणाच्या गळ्यात काळे मणी.

* * *

माघ सरत आला आणि ज्वारीची काढणी लागली. पहाटेच्या दहिवरात ताटं जरा मऊ असतात म्हणून तांबडं फुटायच्या आत माणसं रानात उतरायची. मुळासकट ताट उपटायचं, मातीचा झटका द्यायचा, आडवं टाकायचं. चौथ्या दिवशी हरणाबाईच्या तळहाताची सालं निघाली. तिनं चिंध्या गुंडाळल्या आणि ओळ धरली. शेजारच्या पट्टीत अयोध्या होती. ती मधेच उभी राहायची, कंबर मागं वाकवायची, पाणी प्यायची. हरणाबाई कधी थांबत नव्हती. तरी दुपारपर्यंत दोघींच्या ओळी बरोबरीनंच बांधाला लागायच्या.

"आक्का, जरा दम खा गं," अयोध्या म्हणायची. "ज्वारी काय पळून चाललीया व्हय?"

"तुझी न्हाई पळायची. माझी पळती."

खळं झालं. बैलांच्या पायाखाली कणसं मळली, वाऱ्याला उफणली. मोत्यासारखी रास पडली. दुसऱ्याच दिवशी शिवलिंगप्पा वाणी तराजू आणि पोती घेऊन खळ्यावर हजर. हरणाबाईनंच सांगावा धाडला होता.

"खायापुरती ठिव म्हणतो म्या," बलभीम हळूच म्हणाला. तो गरीब स्वभावाचा माणूस. बैलाला सुद्धा 'सरक बाबा' म्हणायचा. "आखाडात भाव चढंल."

"आन् तवर उंदरानं खाल्ली तर? घर जळलं तर? चोर आलं तर?"

"आण्णाचं न्हाई जळत ते?"

"आण्णाचं नाव काढू नगा."

शिवलिंगप्पानं रास मोजून नेली. चार पोती तेवढी घरात राहिली. त्याच दिवशी पलीकडं अयोध्या आणि आण्णासाहेब पाट्या वाहत होते. आंगणाच्या कोपऱ्यात अयोध्येनं बेंबळीच्या रीतीचं पेव काढून घेतलं होतं. दीड पुरुष खोल, पोटात रुंद, तोंडाला माणूस कसाबसा उतरेल एवढं. आतनं शेणमातीनं सारवलेलं, काडाचा थर दिलेलं. भरून झालं की वर दगडाची शिळा, शिळेवर माती, मातीवर कडब्याची गंज. नवख्या माणसाला तिथं काही आहे असं वाटलंच नसतं.

हरणाबाई कुडाच्या फटीतनं बघत राहिली. पदराच्या टोकाला पैशाची गाठ होती. ती तिनं मुठीत धरली. नेहमी ती धरली की बरं वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही.

आषाढात तिच्या घरातली ज्वारी संपली. वाण्याकडं भाव दुपटीला गेला होता. पदराची गाठ मधल्या काळात कशात कशात सुटून गेली होती. ती सूप घेऊन कुडापलीकडं गेली.

"आयोध्ये, दोन पायल्या दे. सुगीला फेडीन."

"फेडायचं काय त्यात, आक्का?" अयोध्येनं पायली भरली. वर शिग लावली. दाणे ओघळून सुपाबाहेर पडले तरी तिनं हातानं सारखी केली नाही. तशीच दुसरी. बलभीम दारात उभा होता. घरी आल्यावर म्हणाला, "बघ कसा हात हाय तिचा. जरा शिक तिच्याकडनं."

हरणाबाईनं सूप जमिनीवर आदळलं. बाहेर सांडलेले दाणे मात्र तिनं एक एक करून वेचले. वेचताना तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून बहिणीचा आणखी राग आला. अयोध्येनं शिग न लावता पायली दिली असती, तोंड वाकडं केलं असतं, तर एवढं जड गेलं नसतं.

* * *

पुढच्या सुगीला ज्वारी बरी पिकली, पण तिकडं विलायतेची लढाई चालूच होती आणि निजाम सरकारनं लेव्ही बसवली होती. खाण्याबियाण्यापुरतं ठेवायचं, बाकी दाणा सरकारी भावानं द्यायचा. सरकारी भाव आणि बाजारचा भाव यांत जमीनअस्मानाचं अंतर होतं. ज्याच्याकडं होतं त्यानं ते लपवलं. हरणाबाईकडं लपवण्यासारखं काही नव्हतं. तिची रास खळ्यावरनंच गेली होती.

त्या फाल्गुनात विहिरीवर एक बातमी कळली. दोघा भावांच्या रानाला लागून मथुराबाईची पाणथळ पट्टी होती. काळीभोर जमीन, कडेला विहीर. मथुराबाई रंडकी म्हातारी, ती लेकीकडं कायमची जाणार होती आणि पट्टी विकणार होती.

"अयोध्येनं शब्द टाकलाय," मथुराबाई घागर भरता भरता म्हणाली. "आखितीला पैसे देती म्हणली. गेल्या सालची बी ज्वारी हाय म्हणं तिच्याकडं, आन् जत्रंला बोकडं जातील. बाई, लई पोक्त पोरगी. तुझी धाकटी ना ती? वाटत न्हाई."

हरणाबाईनं घागर डोक्यावर घेतली. वाटेत दोनदा पाणी हिंदळून तिच्या मानेवरनं पाठीत गेलं. काय वाटत नाही? धाकटी वाटत नाही की बहीण वाटत नाही? विहिरीची पट्टी अयोध्येची झाली, की उद्या मोटेचं पाणी तिचं, बागाईत तिचं, ऊस तिचा. आणि आपण कुडाच्या फटीतनं बघायचं. वाटण्या समान झाल्या होत्या ना? मग हे सगळं कुठनं आलं? बेंबळीहून आलं. त्या छकड्यातनं आलं. आईनं त्या दिवशी दुसरीला उचललं असतं तर पेव आपलं असतं.

तिसऱ्या दिवशी लेव्हीचे लोक गावात आले. महसुलाचा एक गिरदावर, गावचा पटवारी आणि दोन शिपाई. घराघरांत शिरून कणग्या ठोकून बघत होते. बलभीमाच्या घरात त्यांना दीड पोतं मिळालं, ते खाण्याचंच होतं, म्हणून सोडून दिलं. पलीकडं आण्णासाहेबाच्या घरात पाच पोती निघाली. आण्णासाहेब रानात, अयोध्या धुणं घेऊन ओढ्यावर गेलेली.

गिरदावर हरणाबाईच्या ओट्यावर टेकला. घामानं भिजला होता, चेहऱ्यावर कंटाळा होता. "बाई, पाणी द्या जरा."

तिनं तांब्या दिला.

"तुमच्या दिराकडं यंदा एवढंच पिकलं?"

"मला काय ठावं? वायलं हाय आमचं, वाटण्या झाल्यात."

"नऊ एकरात पाच पोती?"

"साडेचार एकर हाय. निम्मं आमचं."

"बरं, साडेचारात. पेव न्हाई का त्यांचं?"

"मला न्हाई ठावं," हरणाबाई म्हणाली.

आणि तिनं कुडावरनं पलीकडं, कडब्याच्या गंजीकडं बघितलं.

नुसतं बघितलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. पण गिरदावर माणसांची तोंडं वाचून भाकरी खाणारा होता. त्यानं पाणी संपवलं, तांब्या खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि शिपायांना हाक मारली. "ती गंज उतरवा."

* * *

गंज उतरून माती उकरली जाईपर्यंत अयोध्या पिळे डोक्यावर घेऊन आली. आंगणात निम्मा गाव जमला होता. तिनं पिळे दोरीवर टाकले, एकेक झटकून वाळत घातला आणि मग येऊन उभी राहिली. आण्णासाहेब रानातनं पळत आला होता, त्याचे ओठ पांढरे पडले होते.

शिपायांनी शिळा सरकवली. आतनं आंबूस, गरम वाफ आली. कोवळ्या मिशीच्या शिपायानं लगेच पाय आत सोडले.

"थांबा!" अयोध्या ओरडली. "उतरू नगा. साहेब, त्यांस्नी वर घ्या."

"का? मोजायला नको?" गिरदावर म्हणाला.

"जीव जाईल त्याचा. पेवात वारं कोंडलेलं असतंय. सकाळपातूर तोंड उघडं ठिवावं लागतंय. खोटं वाटत असंल तर कंदील सोडून बघा."

कंदील दोरीनं खाली सोडला. हातभर खाली गेला आणि विझला. शिपाई पोरगं पाय वर घेऊन बसलं, बराच वेळ उठेना. गिरदावर अयोध्येकडं बघत राहिला. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं की ती गप्प राहिली असती तरी कुणी तिला बोल लावला नसता.

हरणाबाईला सुद्धा कळलं. लुटली जात असताना सुद्धा ही सांगते, थांबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं उतरली. अकरा पोती निघाली. चावडीपुढच्या गाडीत भरली गेली आणि सरकारी भावाची चिठ्ठी आण्णासाहेबाच्या हातात आली. गाडी गेल्यावर अयोध्येनं खराटा घेतला आणि सांडलेले दाणे लोटायला लागली.

हरणाबाई सांत्वनाला गेली. रात्रभर तिनं काय बोलायचं ते जुळवलं होतं. अयोध्या ऊर बडवील, आपण तिला जवळ घेऊ, पाठीवरनं हात फिरवू. थोरली असल्यासारखं, एकदा तरी.

"झालं ते झालं, आयोध्ये," ती म्हणाली.

अयोध्या खराटा मारत राहिली. मग म्हणाली, "आक्का, त्यांनी माळवद बघितलं न्हाई. चुलीमागं उकरलं न्हाई. सरळ गंजीलाच हात घातला."

हरणाबाई खाली वाकून पायाशी पडलेले दाणे वेचायला लागली.

"कुणीतरी सांगितलं. कोण ते म्या इचारणार न्हाई. इचारलं की मग सगळ्या गावाकडं तसंच बघावं लागतंय."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हरणाबाई घरी आली आणि तिला फसल्यासारखं वाटलं. एवढं करून सुद्धा बहिणीचं काहीच गेलं नाही, असं वाटलं.

* * *

पण गेलं होतं. ते कळायला श्रावण उजाडावा लागला.

चैत्रात येडाईच्या जत्रेच्या आधीच अयोध्येनं दादामियाँला बोलावणं धाडलं. बोकडं दिली. मग पाटी दिल्या. मग गाभण शेळ्या सुद्धा काढल्या. दादामियाँच हात मागं घेत म्हणाला, "बाई, ये तो गाभण है. पंधरा दिवसांत पिल्लं देईल. खाटकाला न्हाई देता येत मला अशी, पाप लागंल. ठेव."

"मग पाळणाऱ्याला इका. ठिवून काय व्हतंय? उद्या रोग आला तर? कुणी नेलं तर?"

कुडाच्या अलीकडं हरणाबाई भाकरी थापत होती. तिचा हात पिठातच थांबला.

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली आणि गेली. चिठ्ठीचे पैसे आणि घाईनं विकलेल्या शेळ्यांचे पैसे मिळून पट्टीचे निम्मे सुद्धा झाले नाहीत. मथुराबाईनं चार दिवस वाट बघितली आणि पट्टी शिवलिंगप्पाला देऊन टाकली. आठेक दिवस हरणाबाईला गोड वाटलं, हे खोटं कशाला बोला. विहिरीवर जाताना तिची चाल बदलली. तिनं बलभीमाला एकदा ऐकवलंही, "आता शिकू का कुणाकडनं?" बलभीम जेवता जेवता उठून हात धुऊन बाहेर गेला.

पावसाळा लागला तशी अयोध्या वाळत गेली. घरातल्या पाच पोत्यांच्या खोलीला तिनं कुलूप घातलं. किल्ली पोटाशी खोचली. आण्णासाहेबानं बैलासाठी सरकी आणली तर दोन दिवस भांडण. शेजारीण ताक मागायला आली तर "न्हाई". खुरपताना ती आता मधे उभी राहून कंबर सरळ करीत नव्हती. खाली मान घालून, दातावर दात दाबून, ओळीमागून ओळ उरकत सुटायची, जसं काही मागनं कुणीतरी तिची ओळ खात येत होतं.

श्रावणात राहिलेल्या एका शेळीला दोन करडं झाली. पंधरा दिवसांची झाली नाहीत तोच दादामियाँ कुडापलीकडं उभा.

"एवढीशी? पाल्याला बी तोंड लावत न्हाईत आजून. बाई, दोन म्हैने थांब."

"घ्याचं हाय का न्हाई, तेवढं सांगा चाचा," अयोध्या म्हणाली.

हरणाबाईनं फटीतनं बघितलं. अयोध्येनं पैसे पदराला बांधले, गाठ मारली, पुन्हा मारली, ओढून बघितली. तो पदर, ती गाठ, तो ओढलेला चेहरा. आरशात बघावं तसं झालं. हेच आपण हिला द्यायला बघत होतो. दाणा नव्हता नेला आपण. तामलवाडीचं आपलं दुखणं उचलून हिच्या अंगात घातलं होतं.

त्या दिवसापासनं तिला बहिणीचा हेवा वाटेना. पण हेवा गेल्यावर त्या जागी जे राहिलं ते जास्त जड होतं.

* * *

माघ फिरून आला. खळी झाली. शिवलिंगप्पाचा तराजू ह्या वर्षी आधी आण्णासाहेबाच्या खळ्यावर उभा राहिला. अयोध्येनंच बोलावला होता. लेव्ही घातली, खाण्यापुरतं ठेवलं, बाकी सगळं जागच्या जागी विकून मोकळी झाली. घरी येऊन तिनं आण्णासाहेबाला सांगितलं, "ते पेव बुजवून टाका. पोरंढोरं पडतील."

हरणाबाईनं कुडावरनं ऐकलं. तिची रास अजून खळ्यावर होती. बलभीम पोती मागायला वाण्याकडं निघाला होता, त्याला तिनं हाताला धरून थांबवलं.

"इकायची न्हाई यंदा. लेव्हीचं घालू. ऱ्हाईल ते पेवात टाकायचं. आयोध्येच्या."

बलभीम तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "ताप बिप आला का तुला?"

"आला तर आला."

ती पलीकडं गेली. अयोध्या जात्याजवळ बसली होती. "बुजवू नगं," हरणाबाई म्हणाली. "म्या सारवून घेते आतनं. मला वापरू दे."

"तू पेवात ठिवणार?" अयोध्या हसली. त्या हसण्यात काही नव्हतं, नुसते दात दिसले. "काय करायचं ते कर."

पावसाळा सरल्यापासनं तोंड उघडं असल्यानं आत वारं खेळत होतं. तरी हरणाबाईनं आधी कंदील सोडून बघितला. मग शिडीवरनं खाली उतरली. जागा एवढीशी, शिडी मधे येऊ नये म्हणून अयोध्येनं ती वर ओढून घेतली आणि शेणमातीची पाटी दोरीनं खाली सोडली. आत भिंतींना ओल होती, जुन्या ज्वारीचा वास होता. वर हातभर रुंद आभाळ. हरणाबाईला भ्या वाटत होतं. तिनं बोटं रुतवून पहिला हात भिंतीला दिला.

दोन पाट्या झाल्या. तिसरी सोडताना अयोध्या वरनं म्हणाली, "आक्का, एवढं करशील. आन् परत कुणी येऊन सांगितलं तर?"

"न्हाई सांगणार कुणी."

"कशावरनं?"

हरणाबाईचा हात भिंतीवर तसाच राहिला. बाहेर असती तर तिनं पदर सावरला असता, कामाचं निमित्त काढून उठली असती. इथं जायला जागा नव्हती.

"म्या दावलं व्हतं," ती म्हणाली. "तोंडानं न्हाई. गिरदावरानं इचारलं, म्या न्हाई म्हणलं, आन् गंजीकडं बघितलं. मुद्दाम बघितलं."

दोरी अजून अयोध्येच्या हातात होती, पाटी हेलकावे खात होती.

"का?"

"तुझं बघवत न्हवतं मला. तुझं थांबणं. तुला बेंबळीला धाडलं, भरल्या घरात. तुझं कधी कुणी काय नेलं न्हाई. मग थांबायला काय जातंय? म्या तामलवाडीला काय काय..."

अयोध्या बोलली. आवाज शांत होता, पण वर आभाळाकडं तोंड करून बोलल्यागत.

"मावशीकडं पेवं भरलेली व्हती, खरं हाय. पर मी थांबायला शिकली ती पेवापायी न्हाई. मावशी म्हणायची, तुझी आई बाजारच्या दिवशी ईल. मी सकाळपासनं ओट्यावर बसायची. भाकरी बी तिथंच. दिस बुडाला की म्हणायची, आता फुडल्या बाजारी. फुडल्या बाजारी परत बसायची. उठून कुठं गेलं आन् तेवढ्यात आई येऊन गेली तर? म्हणून मुतायला सुद्धा जायची न्हाई. किती वर्सं बसली ते मोजलं न्हाई म्या. आई आली ती लग्नात. तवा बी ती तुझाच पदर सावरत व्हती."

हरणाबाई मान वर करून बघत होती. बहिणीचा चेहरा उजेडाच्या आड काळा दिसत होता.

"आईनं तुला ठिवलं, आक्का," अयोध्या म्हणाली. "एकीला ठिवायची व्हती तर तुला ठिवलं. मी आजपातूर बघते तुझ्याकडं, काय असंल हिच्यात."

पाटी धपकन खाली आली. दोरीचं टोक सुद्धा तिच्यामागून आत पडलं. वरचं आभाळ मोकळं झालं आणि पावलं लांब गेली.

हरणाबाई पेवात एकटी राहिली. शिडी वर होती. बलभीम खळ्यावर राखणीला, आण्णासाहेब बाजाराला. हाक मारली असती तर गल्लीतलं कुणीतरी आलंच असतं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. उन्हाचा एक गोल कवडसा भिंतीवर पडला होता. तिनं शेणमाती घेतली आणि तिथनं सारवायला सुरुवात केली. कवडसा सरकला तसा हात सरकवत गेली. पाटी संपली. करायला काही उरलं नाही. मग ती खाली बसली, गुडघे पोटाशी घेऊन.

आयुष्यात पहिल्यांदा तिला कसली घाई वाटत नव्हती. बहीण येईल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. ती येणार नाही असंही होऊ शकतं, आणि तसं झालं तर ते बरोबरच होतं. पण आपण हाक मारायची नाही, एवढं तिनं ठरवलं. तिला यायचं असेल तर तिच्या वेळेनं तिनं यावं.

कवडसा भिंतीवरनं वर चढत तोंडाशी गेला आणि विझला. बाहेर गुरं परतल्याचा आवाज आला. ओल पाठीत शिरली.

मग वर सावली पडली. दुसऱ्या दोरीला बांधलेली, ताज्या शेणमातीनं भरलेली पाटी हळूहळू, भिंतीला न लागता खाली आली.

"डाव्या अंगाला पोपडा सुटलाय," अयोध्या म्हणाली. आवाज घोगरा होता. "तिथं दोन हात दे. न्हाईतर ओल धरंल."

हरणाबाईनं अंधारात चाचपून पोपडा शोधला, तो नखांनी काढून टाकला आणि ओल्या मातीचा पहिला हात दिला.